छपराखालचे पूल

ओढ्यावर दोन-चार ओंडके आडवे टाकून केलेल्या पुलाला आपल्या कोकणपट्टीत साकव म्हणतात. साकव हा मुळातच थोड्या पावसाळ्यांचा सोबती. लाकडाच्या सांध्यांत पाणी मुरते, बुरशी धरते, एके वर्षी पूर येतो आणि ओंडके वाहून जातात. मग गाव पुन्हा नवा साकव घालते. ह्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, कारण लाकूड कुजणारच हे आपण गृहीत धरलेले असते. आल्प्स पर्वताच्या परिसरातील सुतारांनी आणि त्यांच्यानंतर काही शतकांनी उत्तर अमेरिकेतील सुतारांनी मात्र ते गृहीत धरले नाही. भातलावणीच्या दिवसांत शेतकरी जसा डोक्यावरून पाठीवर इरले ओढून घेतो, तसे त्यांनी आपल्या लाकडी पुलांना इरले घातले. पुलाच्या दोन्ही अंगांना फळ्यांच्या भिंती उभारल्या आणि वर उतरते छप्पर चढवले. ज्या पुलाचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे, तो त्यामुळे शंभर-दीडशे वर्षे उभा राहू लागला.

प्रवाशाला ऊन-पाऊस लागू नये म्हणून हे छप्पर असावे, असा पाहणाऱ्याचा प्रथमदर्शनी समज होतो. वास्तविक छप्पर प्रवाशासाठी नव्हेच. ते पुलाच्या कैचीसाठी असते. उभे खांब, तिरपे आधार आणि आडव्या तुळया एकमेकांत खाचा पाडून व खुंट्या ठोकून जोडलेल्या असतात. त्या सांध्यांपाशी लाकूड ओले राहिले, की तेथूनच त्याचा नाश सुरू होतो. भिंतीच्या आणि छपराच्या फळ्या कुजल्या तर त्या स्वस्तात बदलता येतात; कैची कुजली तर पूलच जातो. म्हणजे बाहेरचे अंग झिजू द्यायचे आणि आतले हाड राखायचे, एवढाच त्यामागील हिशेब.

असे पूल पाहण्याचा व त्यांची छायाचित्रे घेण्याचा छंद आम्हा उभयतांना जडला तो स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न नगरीत. तेथे रॉइस नदी सरोवरातून बाहेर पडते, आणि जेथे ती बाहेर पडते तेथेच कापेलब्र्युके, म्हणजे ‘चॅपेलचा पूल’, उभा आहे. जवळच्या संत पेत्राच्या चॅपेलवरून त्याला हे नाव पडले. हा पूल नदीला सरळ ओलांडत नाही. तो तिरपा, मध्ये वळणे घेत जातो. ह्याचे कारण तो निव्वळ रहदारीसाठी बांधलेला नव्हता. सरोवराच्या बाजूने येणाऱ्या शत्रूला अडवण्यासाठी उभारलेल्या नगराच्या तटबंदीचा तो एक भाग होता. त्याच्या कडेला पाण्यातच उभा असलेला अष्टकोनी मनोरा पुलाहूनही जुना आहे. त्या मनोऱ्याने तुरुंग, छळघर, खजिना आणि दप्तरखाना अशा नाना भूमिका वठवल्या. पुलाच्या बांधणीचे साल परंपरेने १३३३ सांगितले जाते. अलीकडचे अभ्यासक ते १३६५ च्या सुमारास नेतात. पूर्वी तो आजच्याहून बराच लांब होता. एकोणिसाव्या शतकात दोन्ही काठांवर भराव पडत गेला तसतसा पूल आखूड झाला आणि आज त्याची लांबी सुमारे २०४ मीटर उरली आहे.

परंतु कापेलब्र्युकेची खरी दौलत त्याच्या छपराच्या आत होती. आढ्याखाली, दोन पाखाडींच्या मधोमध जी त्रिकोणी जागा राहते, तेथे ओळीने रंगवलेल्या लाकडी फळ्या बसवलेल्या होत्या. मूळच्या अशा १५८ चित्रफळ्या. त्यांचा काळ सतराव्या शतकाचा पूर्वार्ध. तो काळ ध्यानात घेतल्याशिवाय ती चित्रे समजत नाहीत. धर्मसुधारणेच्या चळवळीने स्वित्झर्लंडचे दोन तुकडे केले होते. झुरिक, बर्न, बाझल ही नगरे नव्या पंथाला मिळाली. ल्युसर्न कॅथलिक राहिले आणि कॅथलिक परगण्यांचे अग्रणी झाले. येशूसंघीय तेथे १५७४ साली आले. पुलापासून हाकेच्या अंतरावर नदीकाठी त्यांचे जे भव्य चर्च आहे, ते पुढे १६६६ नंतर उभे राहिले. झुरिकच्या चर्चमधून मूर्ती आणि चित्रे काढून टाकली गेली होती. ल्युसर्नच्या नगरपित्यांनी चित्रे चर्चच्या बाहेर, थेट रहदारीच्या पुलावर आणली. आम्हाला हा योगायोग वाटत नाही.

ह्या चित्रमालेची आखणी करणाऱ्यांत रेनवर्ड सिझाट हा नगराचा चिटणीस अग्रभागी होता. माणूस मोठा विलक्षण. औषधविक्रेता, वनस्पतींचा अभ्यासक, नगरातील नाट्यप्रयोगांचा सूत्रधार आणि अखंड टिपणे काढणारा. त्याने १५८६ साली जपानच्या बेटांविषयी जर्मन भाषेत एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. स्वतः तो काही जपानला गेलेला नव्हता. त्याचा आधार होता येशूसंघीयांच्या पत्रांचा. पूर्वेकडून युरोपात जाणारी ती पत्रे त्या काळी पोर्तुगीज गलबतांतून, गोव्याच्या वाटेने जात असत. आल्प्सच्या कुशीतल्या एका चिटणिसाच्या मेजावर पडलेल्या कागदांना आपल्या मांडवीचे वारे लागलेले असावे, ही कल्पना त्या पुलावर उभे असताना आमच्या मनाला सुखवून गेली. सिझाट १६१४ साली वारला. चित्रे रंगवली हान्स हाइनरिख वेगमान ह्या चित्रकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. प्रत्येक चित्राखाली जर्मन भाषेतील यमकबद्ध ओळी लिहिलेल्या होत्या. चित्रांचा खर्च नगरातील मातब्बर मंडळींनी उचलला आणि त्याबद्दल आपापल्या कुळाची चिन्हे चित्रांच्या कोपऱ्यांत रंगवून घेतली. देणगीदाराचे नाव फरशीवर कोरण्याची आपल्याकडील रीत पाहता ह्यात हसण्यासारखे काही नाही.

चित्रांचे विषय तीन प्रकारचे. आरंभी नगराचा आणि देशाचा इतिहास. मग नगराचे दोन आश्रयदाते संत, लेओदेगार आणि मॉरिस, ह्यांची चरित्रे. संत लेओदेगार हे सातव्या शतकातील फ्रान्समधील ओतँ येथील बिशप. राजकीय वैरातून त्यांचे डोळे काढण्यात आले आणि शेवटी त्यांचा वध झाला. संत मॉरिस हे परंपरेनुसार थीब्जच्या रोमन पलटणीचे नायक, आपल्या सैनिकांसह हौतात्म्य पत्करलेले. इतिहासाच्या चित्रांत आरंभीच एक राक्षसी देहाचा पुरुष दिसतो. त्याची कथा अशी की, १५७७ साली रायडन येथे उन्मळून पडलेल्या एका ओक वृक्षाखाली प्रचंड हाडे सापडली. बाझलच्या एका नामांकित वैद्याने ती तपासून महाकाय मानवाची ठरवली. ल्युसर्नकरांना आपला पूर्वज एवढा थोर निघाल्याचा कोण अभिमान! त्यांनी त्याला नगरचिन्हात आणि पुलावर जागा दिली. ती हाडे हत्तीच्या कुळातील मॅमथ नावाच्या नामशेष प्राण्याची होती हे पुष्कळ नंतर उलगडले. तोवर राक्षस पुलावर रुजला होता. त्याला तेथून कोणी हलवले नाही हे फार बरे झाले.

वाचकांनी एक गोष्ट मनापुढे आणावी. त्या काळी वाचता न येणारी माणसे ह्याच पुलावरून बाजाराला जात. लोणी, कोंबड्या, धान्याची पोती घेऊन चाललेली बाई मान वर करी, तो तिला संताचे हौतात्म्य दिसे; परतताना तिला दुसरे चित्र दिसे. ल्युसर्नमध्ये असे एकूण तीन चित्रपूल होते. सरोवराच्या उथळ पाण्यावरून संत लेओदेगार ह्यांच्या चर्चकडे नेणारा होफब्र्युके हा त्यांपैकी सर्वांत लांब. त्यावर बायबलमधील प्रसंग रंगवलेले होते. किनाऱ्यावर भराव घालून नवा धक्का करण्याच्या ओघात एकोणिसाव्या शतकात तो मोडून टाकण्यात आला. तेव्हा त्याबद्दल फारसे कोणी हळहळले नाही.

तिसरा पूल श्प्रॉयरब्र्युके आजही उभा आहे, आणि खरे सांगायचे तर आम्हाला तोच अधिक भिडला. ‘श्प्रॉय’ म्हणजे धान्याचा कोंडा. गिरण्यांजवळचा हा पूल प्रवाहाच्या सर्वांत खालच्या अंगाला असल्यामुळे नदीत कोंडा टाकण्याची मुभा फक्त येथूनच होती. १५६६ च्या वादळी पुरात जुना पूल गेला आणि दोन वर्षांत तो पुन्हा बांधण्यात आला. मध्यावर पवित्र मरियेचे इवलेसे चॅपेलही आले. १६२६ ते १६३५ ह्या काळात कास्पार मेग्लिंगर ह्या चित्रकाराने त्यावर ‘मृत्यूचे नृत्य’ रंगवले. मूळची ६७ चित्रे, त्यांपैकी ४५ आज शिल्लक आहेत. हाडांचा सापळा होऊन मृत्यू येतो आणि कोणाचा तरी हात धरतो. राजा, धर्माधिकारी, वकील, व्यापारी, नववधू, कोणीच सुटत नाही. चित्रांचा खर्च देणाऱ्या नगरवासीयांचे चेहरेही त्या मेळ्यात रंगवलेले आहेत. उत्तरेस तीस वर्षांचे युद्ध धुमसत होते. मृत्यू ही तेव्हा कल्पनेची बाब नव्हती. आपण पैसे मोजून स्वतःला मृत्यूच्या हाती सोपवलेले रंगवून घ्यायचे आणि मग रोज त्याच पुलावरून जायचे, ह्या धैर्याला तोड नाही.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने हे पूल मोठे अवघड. आत अंधार आणि दोन्ही टोकांना लख्ख उजेड. आतला अंधार पकडावा तर टोके पांढरी फटक पडतात. बाहेरचे सरोवर पकडावे तर चित्रे काळी. फिल्मच्या काळात आम्ही तिपाई रोवून दोन-दोन सेकंदांचा उजेड घेत असू. पण पूल लाकडी. शेजारून एखादा शाळकरी मुलगा धावत गेला तरी फळ्या थरथरतात आणि चित्र हलते. शेवटी पहाटे, माणसे येण्याआधी जावे लागे. बाहेरून चित्र घ्यायचे तर पुलाच्या समोर उभे न राहता काठाने थोडे खाली उतरावे, म्हणजे पायांचे खांब, तुळया आणि छप्पर ह्यांचे नाते दिसते. पर्यटकांची बहुतेक छायाचित्रे पुलाच्या तोंडाची असतात. ती सुंदर असतात, पण त्यांत पूल उभा कसा राहतो ते दिसत नाही.

आम्ही ल्युसर्नला प्रथम गेलो ते १९९६ साली, म्हणजे आगीनंतर. १८ ऑगस्ट १९९३ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, कापेलब्र्युकेने पेट घेतला. पुलाखाली बांधून ठेवलेल्या एका नौकेपासून आग पसरली. फेकलेले सिगारेटचे थोटूक हे कारण असावे असा अंदाज केला गेला. शतकानुशतके कोरडे राखलेले लाकूड जळायला किती वेळ लागणार? ज्या छपराने पावसापासून वाचवले त्याच छपराखालून ज्वाळा धावल्या. मनोरा आणि पुलाची दोन्ही टोके वाचली. मधला बहुतेक भाग गेला. आगीच्या वेळी पुलावर १११ चित्रे होती. त्यांपैकी ८१ नष्ट झाली. पूल आखूड करताना पूर्वीच उतरवून ठेवलेली काही चित्रे कोठारात होती, म्हणून ती वाचली.

नगराने पूल आठ महिन्यांत पुन्हा उभा केला. १४ एप्रिल १९९४ रोजी तो लोकांसाठी खुला झाला. इतकी घाई कशासाठी, असे काहींनी विचारले. आमच्या मते घाई योग्यच होती. पूल ही वापराची वस्तू आहे. तिचे लाकूड ह्याआधीही तुकड्यातुकड्याने कितीदा तरी बदलले गेले होते. सुताराने आपल्या आजोबांच्या खाचेत नवी तुळई बसवली म्हणून पूल नवा ठरत नाही. चित्रांची गोष्ट मात्र निराळी. वेगमानच्या कुंचल्याचा फटकारा दुसरा कोणी मारू शकत नाही. जळालेल्या चित्रांची छायाचित्रे आहेत, त्यांवरून हुबेहूब प्रती करता येतात; पण त्या प्रती मूळ चित्रांच्या जागी टांगल्या, की पाहणाऱ्याला काय गेले ते कळतच नाही. आम्ही पाहिले तेव्हा मधल्या भागात काही ठिकाणी काळवंडलेल्या फळ्या आणि काही ठिकाणी निव्वळ मोकळी त्रिकोणी जागा होती. त्या मोकळ्या त्रिकोणांची छायाचित्रे आम्ही आवर्जून घेतली.

आल्प्सच्या परिसरातील सुतारांविषयी लिहायचे तर हान्स उलरिख ग्रुबेनमान ह्याला वगळून चालणार नाही. तो टॉयफेन ह्या खेड्यातला, सुताराच्या घराण्यातला. शाफहाउझन येथे ऱ्हाईन नदीवर त्याने १७५८ साली पूर्ण केलेला ३६४ फुटांचा लाकडी पूल पाहायला सारा युरोप लोटत असे. ग्रुबेनमानला तो एकाच झेपेत टाकायचा होता. पण नगरपित्यांना धीर होईना. जुन्या दगडी पुलाचा जो एक खांब मध्ये उरला होता त्यावर पूल टेकलाच पाहिजे, अशी त्यांनी अट घातली. लोक सांगत की त्याने पूल खांबाजवळून नेला खरा, पण त्यावर टेकवला नाही. विल्यम कॉक्स ह्या इंग्रज प्रवाशाने तो पाहून लिहिले आहे की, एकट्या माणसाच्या चालण्यानेही पूल थरथरतो, आणि तरी जड गाड्या त्यावरून सुखरूप जातात. १७९९ साली माघार घेणाऱ्या फ्रेंच सैन्याने तो जाळला. त्या काळी कॅमेरा नव्हता. आज आपल्याला तो पूल ठाऊक आहे तो रेखाटनांवरून आणि प्रवाशांच्या वर्णनांवरून.

अमेरिकेत ह्या विद्येला नवे अंकुर फुटले. फिलाडेल्फियात स्कूलकिल नदीवर टिमथी पामर ह्याने बांधलेला पूल १८०५ साली खुला झाला. पुलाच्या कंपनीचे अध्यक्ष न्यायाधीश रिचर्ड पीटर्स ह्यांनी त्यावर छप्पर घालण्याचा आग्रह धरला, आणि उघडा पूल दहा-बारा वर्षे टिकेल तर झाकलेला तीस-चाळीस, असे पामरनेही मान्य केले. त्याचाही अंदाज कमीच ठरला. पुढे थिओडोर बर याने कैचीला कमानीची जोड दिली. इथिअल टाउन ह्याने १८२० साली एका जाळीदार रचनेचे पेटंट घेतले. बारीक फळ्या एकमेकींवर तिरप्या ठेवून लाकडी खुंट्यांनी जखडायच्या, एवढीच ती रचना. मोठे सोट नकोत, कसबी कारागीर नकोत. गावातला कोणताही सुतार ती करू शके. ह्या एका युक्तीने खेडोपाडी पूल झाले. सर्वांत बहरात असताना अमेरिकेत असे दहा हजारांहून अधिक पूल असावेत असे मानतात. आज नऊशेच्या आतच उरले आहेत, आणि त्यांतले सर्वाधिक पेनसिल्व्हेनियात.

छप्पर बर्फ अडवण्यासाठी असते हा तेथेही पसरलेला समज. उलट हिवाळ्यात घसरगाड्या चालाव्यात म्हणून पुलाच्या आत, कोरड्या फळ्यांवर, माणसे लावून मुद्दाम बर्फ पसरावे लागे! व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशर ह्या राज्यांना जोडणारा कॉर्निश-विंझर पूल १८६६ साली नऊ हजार डॉलरांत बांधला गेला. लांबी सुमारे ४५० फूट. त्याच्या तोंडावर आजही फलक आहे की घोडे चालवत न्यावेत, दौडवल्यास दोन डॉलर दंड. दौडत्या घोड्यांच्या तालबद्ध हिसक्यांनी सांधे खिळखिळे होतात. गंमत म्हणजे दोन राज्यांची सीमा नदीच्या मधून नसून व्हरमाँटच्या काठालगत आहे, त्यामुळे जवळजवळ सबंध पूल न्यू हॅम्पशरच्याच हद्दीत पडतो. हौशी मंडळींनी तेथील प्रत्येक पुलाला क्रमांक दिलेला आहे. राज्याचा वर्णानुक्रम, मग परगण्याचा, मग पुलाचा. म्हणजे ४५ ने सुरू होणारा पूल व्हरमाँटचा. हा क्रमांक वहीत उतरवून घेत गावोगाव हिंडणारी वृद्ध जोडपी आम्हाला जागोजाग भेटली.

आयोवा राज्यातील मॅडिसन परगण्याचे पूल १९९२ च्या एका कादंबरीने आणि १९९५ च्या चित्रपटाने जगप्रसिद्ध केले. त्या कथेचा नायक पुलांची छायाचित्रे घ्यायलाच आलेला असतो. प्रसिद्धीची दुसरी बाजू अशी की तेथला सीडर पूल २००२ साली कोणी तरी जाळला. तो पुन्हा बांधला, तर २०१७ साली काही तरुणांनी पुन्हा पेटवला. २०१९ साली तो तिसऱ्यांदा उभा राहिला.

न्यूयॉर्क राज्यातील ब्लेनहाइम पुलाचे नशीब पाण्याने लिहिले. निकोलस पॉवर्स ह्याने तो १८५५ साली स्कोहॅरी क्रीक ह्या नदीवर बांधला. मध्ये एकही खांब न घालता त्याने २१० फुटांचे अंतर पार केले. आधाराची पराची काढण्याच्या वेळी पॉवर्स स्वतः छपरावर जाऊन बसला, पूल पडला तर आपणही त्याच्याबरोबर, असे म्हणून. असे तेथले लोक सांगतात. १९३०च्या दशकात शेजारी लोखंडी पूल आल्यावरही परगण्याने जुना पूल मोडला नाही. त्याच सुमारास, मंदीत बेकार झालेल्या वास्तुकारांना काम मिळावे म्हणून सरकारने १९३३ साली ऐतिहासिक इमारतींची मोजमापे आणि छायाचित्रे घेण्याची मोहीम सुरू केली होती. त्या दप्तरात ब्लेनहाइमचीही नोंद झाली. ती छायाचित्रे सुंदर दिसावीत म्हणून काढलेली नाहीत; सरळ समोरून, सपाट उजेडात घेतलेली आहेत. २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाच्या पुराने १५६ वर्षांचा तो पूल उचलून नेला.

गावकऱ्यांनी नवा पूल मागितला. वाद झाला, जो पूलच उरला नाही त्याच्यासाठी पुनर्बांधणीचा निधी कसा, असा सरकारी प्रश्न होता. अखेर जुन्या नोंदी आणि आराखडे समोर ठेवून, पूररेषेच्या वर, पूर्वीहून अधिक उंचीवर २०१८ साली पूल पुन्हा बांधून झाला. मात्र त्याला १९६४ साली मिळालेला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा काढून घेण्यात आला, कारण सरकारी नियमानुसार ती वास्तू नष्ट झालेली आहे. ल्युसर्नचा पूल आजही युरोपातील सर्वांत जुन्या छप्परबंद पुलांत गणला जातो आणि ब्लेनहाइमचा नवा ठरतो. हा निवाडा आम्हाला मान्य नाही. परंतु त्या पुलावर उभे असताना नव्या लाकडाचा जो वास येतो, तो मान्य करावाच लागतो. आत शिरल्यावर आम्ही पहिल्याने पॉवर्सच्या मधल्या कमानीचे छायाचित्र घेतले, १९३०च्या दशकातील सरकारी छायाचित्रकार जेथे उभा राहिला असावा साधारण तेथूनच.